नवलाईच्या गाभाऱ्यातला रेडिओ

आंबेकोंडच्या नवलाई देवीच्या गाभाऱ्यात, समईशेजारी तो लाकडी रेडिओ दिसतोय ना, त्याला रोज हळदकुंकू लागतं. हसू नका मंडळी. हसणाऱ्याच्या चपला इथून नाहीशा होतात. माझ्या झाल्या होत्या.

गोष्ट इंग्रजांच्या अमदानीतली. तेव्हा देवळाचे गुरव धाकोजी. सकाळची भूपाळी, संध्याकाळची आरती, मग पोथी, तीस वर्षं सगळं त्यांच्याच गळ्यातून. एका माघी पौर्णिमेला मुंबईकर पांडू घागाने हा रेडिओ आणला आणि थेट देवीसमोर लावला. पहाटे त्यातून सनई निघाली, मागून अभंग. एवढा गाव लोटला की देवळाच्या पायऱ्या दिसेनात, असं सांगतात. पण धाकोजींना खुपलं ते वेगळंच. त्यांची बायको येसू खांबाला टेकून डोळे पुसत होती.

"अगो, तीस वर्षं मी गातोय, तेव्हा तुला तांदूळ निवडायचे असतात!"

"हा मध्येच खोकत नाही," येसू म्हणाली.

झालं. धाकोजींनी देवीला कौल लावला. देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओली फुलं चिकटवायची. उजवं आधी पडलं तर रेडिओ गावाबाहेर, डावं पडलं तर रेडिओ देवळात आणि गुरव घरी. कौल मिळेपर्यंत कुणी जागचं उठायचं नाही. पण रेडिओवर जळफळाट झाला होता ना! धाकोजींनी डावं फूल पाण्याऐवजी फणसाच्या चिकाने चिकटवलं. तेल लावल्याशिवाय हाताचा सुटत नाही तो चीक, तर फूल कुठलं पडायला?

पण देवी म्हणे उजवंही पाडेना. दुपार टळली. रेडिओवर गाणं लागलं की धाकोजी त्याच्या वरताण आरती म्हणत. पलीकडच्या डोंगरावरची गुरं ती ऐकून चरायचं सोडून घरी आली, म्हणे. फूल ढिम्म. संध्याकाळी धाकोजींचा आवाजच बसला.

आणि तेव्हाच रेडिओवर गोष्ट लागली. राजाने राणीला कोठडीत कोंडलं, दाराशी वाघ सोडला. राणीने कडीला हात घातला आणि रेडिओची बॅटरी संपली! पांडूने रेडिओ ठोकला, हलवला, शेवटी त्याच्या पाया पडला. येसूच्या तोंडातला पदर तोंडातच.

तिच्याकडे पाहून धाकोजींना राहवेना. बसक्या आवाजात म्हणाले, "कडी काढली तिने. वाघ आत आला, समोर बसला. म्हणाला, बाई, मलाही त्यानेच कोंडलं होतं..."

फुलांकडे बघायचं ते साफ विसरले. आणि त्याच क्षणी, म्हणे, दोन्ही फुलं एकदम खाली आली. चिकाचंसुद्धा!

"कौल झाला! दोघेही राहणार!" गाव ओरडला.

येसूने वळूनही पाहिलं नाही. "अहो, फुलं राहू देत. पुढे काय झालं?"

तीस वर्षांत तिने हे पहिल्यांदाच विचारलं.

आजही माघी पौर्णिमेला इथे रेडिओवर गोष्ट लावतात आणि ती ऐन रंगात आली की गुरव त्याचा कान पिळून तो बंद करतो. मग गुरवाघरच्या थोरल्या बाईने "पुढे काय झालं?" विचारायचं. त्याशिवाय गुरव तोंड उघडत नाही. गेल्या वर्षी बाई रेडिओतल्या आवाजात इतक्या गुंगल्या की विचारायचंच विसरल्या. गुरव आठ दिवस घरी जेवला नाही.