धुडकूचा दोरा

फार वर्षांपूर्वी पांझरेकाठच्या एका गावात धुडकू कुंभार राहत होता, पाटाच्या शेपटाला शेत असलेली विधवा इठाई राहत होती, आणि राहू नये तो रामसिंग पाटीलही राहत होता.

गावाच्या पाण्याचे नेम गाव करी. घरटी एक खडा मडक्यात. पांढरा म्हणजे हो, काळा म्हणजे नाही. पण नेम कुणी मोडला का, हे धुडकू सांगे. त्याला शेत नव्हतं, म्हणून पाण्यावर डोळा नव्हता. त्याला खडाही नव्हता. निवाड्याच्या धोंड्यावर बसून तो एवढंच बोले, 'मोडला' नाहीतर 'पाळला'.

एका कोरड्या साली इठाईच्या पाळीचं पाणी पाटलानं आपल्या उसात वळवलं. तिची ज्वारी माना टाकू लागली. ती धोंड्यापाशी आली, तर पाटलामागं अर्धं गाव उभं!

"अख्खं गाव माझ्या बाजूनं आहे, कुंभारा. बघून बोल."

"गाव?" धुडकू कडाडला. "गाव मडक्यात बोलतं पाटील, तुमच्या पाठीमागून नाही. मोडला!"

शब्द पडला तशी पाटाची माती आपोआप फुटली आणि पाणी इठाईच्या शेताकडं धावलं, असं म्हणतात.

तशी माणसं फिरलीच की! "धुडकूबाबा, तुझ्या तोंडी देव आहे. आता नेमही तूच कर. खडे कशाला?" इठाईनंही पदर पसरला, "भाऊ, या मेल्याला जन्मभर पाणी नाही, असं सांगून टाक."

पाटील मिशीत हसला. "करू द्या त्यालाच. गाव फिरवण्यापेक्षा एक कुंभार फिरवणं सोपं."

इठाईचे भेगाळलेले हात बघून धुडकूनं जीभ उचललीसुद्धा. मग त्याला स्वतःचाच असा संताप आला, की डोळ्यांतून ठिणग्या उडाल्या, असं म्हणतात. चाकावरचं मडकं कापायचा दोरा त्यानं कमरेतून उपसला आणि जिभेला लावला.

"निवाड्यात 'मोडला', 'पाळला' सोडून तिसरा शब्द आला तर ही कापीन! आळशांनो, तुमचे खडे तुम्ही टाका!"

खडे पडले. धुडकू मडक्याकडं पाठ करून बसला होता. नेम झाला, कोरड्या साली शेपटाचं शेत आधी भिजेल.

इठाईची ज्वारी हत्ती लपेल एवढी वाढली. तिच्या घरची कणगी पुढं सात पिढ्या रिती झाली नाही, असं म्हणतात.

आजही तिथं निवाड्याला बसणाऱ्याच्या बोटाला कुंभाराचा दोरा बांधतात. तो तिसरा शब्द बोलू लागला, की पोरंसोरंच काय, म्हाताऱ्याही ओरडतात, "दोरा रे, दोरा!"