बांधावरची कमान

ही गोष्ट फार जुनी नाही आणि फार लांबच्या गावचीही नाही. एका गावाच्या डोक्यावर तळं होतं आणि तळ्याला मातीचा बांध. दर उन्हाळ्यात घुशी त्या बांधाला भोकं पाडायच्या.

गावाचा कारभारी होता बाळोबा. तोंडानं फटकळ. शिमगा झाला की दारोदार जाऊन ओरडायचा, "घरटी दहा पाट्या माती टाका, नाहीतर मरा बुडून!" स्वतःही पाटी डोक्यावर घ्यायचा. बारा वर्षं हेच चाललं. लोक वैतागले. बांध काही फुटत नव्हता, मग माती कशाला वाहायची?

अशात टेकडीवरचा रंगराव उभा राहिला. गोड बोलणारा, दिसेल त्याच्या पाया पडणारा. "मायबाप, तुम्ही राजे! राजानं पाट्या उचलायच्या? मी बांधावर कमान उभारतो, पंचक्रोशी बघायला येईल."

पिंपळाखाली हात वर करून निवड व्हायची. दोघांना सारखेच हात पडले. उरली एकटी सोनाक्का कुंभारीण. तिचं घर बांधाच्या अगदी पायथ्याशी.

बाळोबा म्हणाला, "आक्का, पाणी पहिलं तुझ्या दारात येईल. तू तर वीस पाट्या टाकायला हव्यास."

रंगरावानं वाकून तिच्या पायांना हात लावला. "आई, तुम्ही आता आराम करा."

अहो, जन्मात कुणी तिच्या पाया पडलं नव्हतं! सोनाक्काचा हात रंगरावासाठी वर गेला.

कमान झाली. तिचा पाया खणला तो बांधातच. बाळोबा बोंबलत राहिला, "अरे, बांध पोखरू नका!" लोक हसले, "खुर्ची गेली ना, पोटात दुखतंय त्याच्या." तीन उन्हाळे कुणी पाटी उचलली नाही.

चौथ्या पावसाळ्यात, भर दुपारी, कमानीखालीच बांध फुटला. सोनाक्का मडकी घेऊन बाजाराला गेली होती म्हणून वाचली. घरात नवरा होता आणि माहेरी आलेली लेक.

बाळोबानं दोन दिवस चिखल उपसून दोघांना बाहेर काढलं. रंगराव तिसऱ्या दिवशी टेकडीवरून उतरला आणि धाय मोकलून रडला. "दैवापुढं कुणाचं चालतं, मायबाप!" सगळं गाव त्याच्यासंगं रडलं. माणूस मात्र मनाचा मोठा, असंच जो तो म्हणत होता.

पुन्हा पिंपळाखाली सभा भरली. रंगराव सोनाक्काच्या पाया पडायला वाकला. तिनं पाय मागे घेतले आणि बाळोबासाठी हात वर केला. सगळ्या गावात तो एकच हात होता.

आता शिमगा झाला की ती दोघंच बांधावर माती नेतात. पण साऱ्या गावाच्या पाट्या दोघांनी किती वाहायच्या?

तात्पर्य काय सांगू? पाटी उचलायला लावणाऱ्याचा राग येतो आणि पाया पडणारा आवडतो; पण पाणी आलं की कळतं, पाया पडणाऱ्याचं घर टेकडीवर असतं.