टिटवीचे दोन पहारेकरी

चैत्र वद्य पंचमी. आभाळ निरभ्र, वारा पश्चिमेचा, खडी सकाळपासूनच तापलेली.

त्या राज्यात मुंगसांचा सुळसुळाट झाला होता आणि प्रत्येक घरट्याला पहारेकरी नेमावा, असा हुकूम निघाला होता. टिटवीची चार अंडी उघड्या माळावर, खडीतल्या एका खळग्यात होती. पहाऱ्यासाठी तिच्याकडे दोघे आले, साळिंदर आणि बगळा.

"बाई, मला नेम धरावा लागत नाही," साळिंदर म्हणालं. "अंग झटकलं की वीस काटे. समोरचा कुठंही असो, सापडणारच."

"समोर नसलेलाही सापडणार," बगळा म्हणाला. "माझी चोच एक, घाव एक. मासोळीचा डोळा दाखवा, डोळाच फोडतो."

"तू नेम धरेपर्यंत मुंगूस जेवून, तोंड पुसून घरी जाईल."

टिटवीला दोघांचंही पटत होतं. अडचण तीच होती. शेजारच्या कासवकाकांनी मग एक कडू भोपळा आणून ठेवला. हेच मुंगूस समजा, म्हणाले.

साळिंदराने अंग झटकलं. भोपळ्यात सात काटे घुसले, दोन कासवकाकांच्या पाठीवर आपटले, बाकीचे माळभर.

"माझं ठीक आहे," काका म्हणाले, "मला पाठ आहे. तुझ्या अंड्यांना आहे का, पोरी?"

बगळ्याचा घाव भोपळ्याच्या बरोबर मध्यावर बसला, आरपार गेला, आणि चोच मागच्या वारुळात रुतली. ती उपसायला तिघं लागली.

"नेम चुकला नाही," वाळवी थुंकत बगळा म्हणाला.

"मागं काय आहे ते पाहिलं होतंस?" काकांनी विचारलं. बगळ्याने चोच पुसली.

हुकूम हुकूम होता. टिटवीने दोघांनाही नेमलं. संध्याकाळी ती अंडी उबवायला आली, तर साळिंदराचे काटे ताठ झाले आणि बगळ्याची मान मागे गेली.

"कोण आहे?"

"मी. अंड्यांची आई."

"असं सगळेच म्हणतात," साळिंदर म्हणालं. या एका गोष्टीवर दोघांचं एकमत झालं. ओळख पटेपर्यंत सूर्य मावळला आणि अंडी निम्मी गार झाली.

दुसऱ्या दिवशी दोघे पैज लावून नवा भोपळा आणायला ओढ्यावर गेले. टिटवीने छातीने ढकलत एकेक अंडं बारा पावलं पलीकडे नेलं आणि खळग्यात त्याच आकाराचे, त्याच ठिपक्यांचे चार गोटे ठेवले.

आठव्या दिवशी मुंगूस आलं. वीस काटे सुटले, एक घाव झाला.

चैत्र अमावास्या. हवा ढगाळ, वारा नाही. मुंगसाच्या शेपटीत काटा एक. खळग्यात गोटे तीन, आणि चौथ्याचे दोन तुकडे. त्यांच्या दोन्ही बाजूंना दोघे पहाऱ्याला उभे. बारा पावलांवर पिल्लं चार.