भूपालशेटचा खिसा

ह्या गोष्टीत शेवटी शिंप्याचं पैसं कुणी दिलं, ते आधी वळखून दावा बघू! न्हाई जमायचं.

गिरनारला जाणारी गाडी भाईर हॉर्न वाजवत हुती. खिडकीतनं आमची मंडळी वरडत हुती, "अवो, घ्या की कंचा तरी!" मला कोपरीच्या खिशात मावंल असा बारका कॅमेरा पायजे हुता. पर दुकानवालं भूपालशेट आयकत्यात व्हय? "बाबा, त्ये बारकं म्हंजी खेळणं. फोटू धड येत न्हाई. ह्यो मोठा घ्या, खिशातबी मावतोय."

"मग तुमच्याच खिशात घाला, आन् पंगतीला बसल्यागत मांडी घाला. बसलासा तर मोठाच नेतो."

शेट मोठा कॅमेरा विजारीच्या खिशात कोंबून ऐटीत बसलं आन् टर्रकन विजार फाटली! तवर मी हातातल्या बारक्या कॅमेऱ्याचं बटान दाबलं. "शेट, ह्यात तर तुटल्याला टाकाबी दिसतुया की!"

शेटला उठायची सोय न्हवती. खालनंच वरडलं, "पुसा त्यो फोटू!"

"दुसऱ्याच्या वस्तूतलं मी कसं पुसू? आधी ती माझी करा."

गाडीनं पुन्ना हॉर्न दिला. बारका कॅमेरा निम्म्या किमतीत माझ्या कोपरीत आला, आन् विजारीची शिलाई शेटनीच भरली.