सुगरणीचं घर आणि सहा फुलं

आषाढ शुद्ध तृतीया. आभाळ भरलेलं, वारा पश्चिमेचा. साल फार जुनं, आता कुणाच्या लक्षात नाही.

विहिरीवरच्या बाभळीत पिवळोबा नावाच्या सुगरण पक्ष्याचं घरटं अर्धं विणून झालं होतं. त्यांची रीतच तशी. नराने अर्धं विणायचं, मादीने पारखायचं, पसंत पडलं तरच संसार. दोन माद्यांनी आधीच नाक मुरडलं होतं. म्हणून या खेपेस पिवळोबाने दाराशी बाभळीची सहा फुलं खोवली.

करडी नावाची तिसरी मादी आली. आत शिरून आडव्या दांडीवर उड्या मारू लागली. घरटं हिंदकळलं.

"अहो बाई, हे काय?"

"अंडी गडगडतील का, ते बघते. आतून चिखल नाही लावला?"

"चिखल? घर आहे की गोठा?"

"दाराची फुलं विहिरीला दिसतात, आत राहायचं मला आहे," म्हणत ती उडाली.

पिवळोबाला नवल वाटलं. त्याने शेजाऱ्याच्या घरट्यात डोकावलं. आत चिखल थापलेला होता आणि त्या वजनाने घरटं वाऱ्यातही जागचं हलत नव्हतं. त्यानेही ओला चिखल आणून थापला. पण नुसता चिखल त्याला बघवेना. ओल होती तोवर त्याने सहाही फुलं त्यात रोवली.

करडीने परत येऊन अकरा उड्या मारल्या.

"विणा पुढचं."

"आणि फुलं?"

"असू देत की. अंड्यांवर बसून दिवसभर मी बघायचं तरी काय?"

श्रावण वद्य द्वितीया, उघडीप. तिन्ही पिल्लं उडाली. चिखलात चार फुलं शिल्लक होती.