बारा नंबरची ओ

करंजभाटच्या हजेरीत अकरानंतर एकदम तेरा येतो. रोविना मच्याडोला हे पहिल्यांदा खटकलं तेव्हा ती दुसरीत होती. बोटं मोजता मोजता तिने आईचा हात ओढून विचारलं, “बारा कुठे गेला?” आईने “गप उभी राहा” म्हणून दटावलं, आणि जरा मोठा आवाज झाला की दचकणारी ती पोर गप उभी राहिली. पुढे बावीस वर्षं ती तशीच उभी राहत आली.

करंजभाट हे वसईकडचं खाडीला लागून असलेलं गाव. केळीच्या वाड्या संपल्या की मिठागराचा उंच बांध लागतो. दर जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी, चर्चमधली सकाळची मिस्सा आटोपली की शाळेतल्या सगळ्यात नव्या शिक्षकाने त्या बांधावर चढायचं आणि गावाकडे तोंड करून शंभर वर्षांपूर्वीची हजेरी घ्यायची. ती मुलं केव्हाच मातीआड गेली, पण त्यांची घरं आहेत. ज्याचं नाव येईल त्याच्या घरच्यांनी अंगणात येऊन “हजर” अशी ओ द्यायची. नियम एकच, तो मात्र कडक: ओ आल्याशिवाय पुढचं नाव घ्यायचं नाही. एकदा पाच नंबरच्या घरचे सगळे साखरपुड्याला गेले होते. रिक्षा पाठवून त्यांना जेवणावरून उठवून आणलं, तोवर सारं गाव उन्हात ताटकळलं.

ही प्रथा कशी पडली, ते पाहुण्यांना बस्त्याव काका सांगतात. काका हजेरी समितीचे अध्यक्ष. पंचाहत्तरी उलटली तरी सदऱ्याची कडक इस्त्री मोडत नाही.

“ब्रदर कैतान दक्षिणेकडून आले,” काका सुरू करतात. “ब्रदर म्हणजे पाद्री नव्हेत हां. मिस्सा म्हणायची नाही, लग्नं लावायची नाहीत. घरदार सोडायचं, प्रार्थना करायची आणि पोरांना शिकवायचं, एवढंच त्यांचं व्रत. ब्रदरांनी आणखी एक शपथ घेतली होती, असं सांगतात. हजेरीतल्या प्रत्येक नावाला ओ आल्याशिवाय पुस्तक उघडायचं नाही. पोर आजारी असलं तर हे त्याच्या घरी जायचे, खाटेजवळ उभे राहून नाव घ्यायचे, ते कण्हत ‘हजर’ म्हणायचं, मगच शाळेत धडा सुरू! मग एका वर्षी गावात साथ आली. लोकांनी पोरांना दाराआड कोंडलं. शाळा ओस पडली. तेव्हा ब्रदर या बांधावर चढले आणि गावाकडे बघून एकेक नाव पुकारू लागले. आठ दिवस पुकारत होते म्हणे. नवव्या दिवशी एका बंद दाराआडून ओ आली. मग दुसऱ्या. मग माजघरांतून, माळ्यांवरून, विहिरींमागून ‘हजर, हजर’. सारा गाव दणाणला आणि साथ ओसरली. आजही आम्ही ती ओ देतो.”

एखादा पाहुणा बारा नंबरचं विचारतोच. त्यावर काका डोळे मिटतात. “बारावा आकडा ब्रदरांचा स्वतःचा. त्यांची ओ आता स्वर्गातून येते. ती मागायची नसते.”

पाहुण्यांचे डोळे पाणावतात. रोविनाचेही पाणावायचे. या वर्षी मात्र तिला ते ऐकून राग आला.

राग यायला कारण होतं. जूनमध्ये ती गावच्याच शाळेत शिक्षिका म्हणून लागली. या वर्षीची हजेरी तिच्याकडे आली, म्हणून मूळ हजेरीपट पाहावा असं तिला वाटलं. तो काचेच्या कपाटात हार घालून ठेवलेला होता; उघडून कुणी वाचला नव्हता. तिने हार काढला आणि पानं उलटली. प्रत्येक पानावर बारा नंबरचं नाव पात्याने खरवडलेलं होतं. इतकं जोराने, की काही ठिकाणी कागदाला भोक पडलं होतं. मात्र दोन पानं एकमेकांना चिकटली होती. त्यांच्यापर्यंत पातं पोचलं नव्हतं. तिने ओल्या बोटाने ती सोडवली.

‘१२. सुकरी मुकणे.’

मुकणे म्हणजे बांधापलीकडची कातकरी वाडी. मिठागरात मीठ ओढणाऱ्यांची. खाली ब्रदरांचं अक्षर होतं, बारीक, उजवीकडे कललेलं. ‘क्र. ११ इनास मच्याडो याच्या वडिलांनी सांगितले, बारा शेजारी बसणार असेल तर अकरा येणार नाही. आज सर्वांनी मुले काढून घेतली. क्र. १२ ला आवारात येऊ देत नाहीत. ती बांधावरून ओ देते. हजर धरली.’

हजर धरली. हजर धरली. नऊ दिवस तेच.

म्हणजे साथ नव्हतीच! आठ दिवस तो माणूस बांधावर घसा फोडत होता तो साथीला घाबरलेल्या गावासाठी नव्हे, एका मुलीला शेजारी बसू न देणाऱ्या गावासाठी. त्याच्या अंगात ताप होता, तेही त्यानेच टिपून ठेवलं होतं. नवव्या दिवशी पोरांनीच आईबापांना न जुमानता दाराआडून ओ दिली. दहाव्या दिवशी पोरं शाळेत आली आणि ब्रदर अंथरुणाला खिळले. ईस्टरआधीचा उपासकाळ लागायच्या आत ते गेले. पुढच्या पानावर नव्या मास्तराचं अक्षर होतं, आणि अकरानंतर तेरा.

आणि पहिलं दार लावलं होतं मच्याडोंनी. रोविनाच्या घराने. दर वर्षी अकरा नंबरला तिचे वडील छाती काढून “हजर” म्हणायचे, ते त्याच दारासमोरच्या अंगणातून.

ती दुसऱ्याच दिवशी बांध ओलांडून वाडीवर गेली. जन्म गावात गेला, पण ही पाचशे पावलं ती पहिल्यांदा चालत होती. कुत्रं भुंकलं तशी दोनदा मागे फिरली. सुकरीची नात बुधी अंगणात बोंबील उलटत होती. आता तीही म्हातारीच. तिने मान वर न करता ऐकून घेतलं.

“आजीचं नाव तुझ्या तोंडात कसं आलं?”

“हजेरीत सापडलं. या वर्षी मी ते घेणार आहे, आजी. तुमच्यापैकी कुणी ओ द्याल का?”

बुधी हसली. चांगलं हसणं नव्हतं ते. “माझी आजी सांगायची. मास्तर वरडायचा, मी वरडायची. मग मास्तर मेला. तरी ती रोज बांधावर जाऊन हुबी ऱ्हायची. कोनी तरी नाव घेईल म्हनून. पार पाऊस पडस्तोवर. कोनी घेतलं नाय.” तिने एक बोंबील उचलून पलीकडे फेकला. “शंबर वरसं तुमाला आठवन नाय झाली. आता तुला झाली म्हनून आमी वरडायचं? नाय वरडनार. जा.”

“बरं,” रोविना म्हणाली. “ओ देऊ नका. मी नाव घेणार.”

हजेरीच्या रविवारी शहरातल्या कुठल्याशा चर्चमधून दोन बसगाड्या भरून पाहुणे आले. काकांनी साथीची कथा सांगितली, डोळे मिटले, उघडले. रोविना बांधावर चढली. एक नंबर, दोन नंबर, सगळ्या घरांनी ठणठणीत ओ दिली. पाचला यंदा चार आवाज आले, तेव्हा लोक हसले. अकराला वडील म्हणाले, “हजर!”

“बारा नंबर,” रोविना म्हणाली. “सुकरी मुकणे.”

अंगणाअंगणातून कुजबुज उठली आणि विझली. बांधाखालून काका हसऱ्या तोंडाने म्हणाले, “बाय, तेरा. तेरा म्हण.”

“सुकरी मुकणे!”

“घाबरलीय पोर,” काका पाहुण्यांना म्हणाले. मग बांधाच्या दोन पायऱ्या चढून आले आणि दात आवळून पुटपुटले, “तमाशा नको करू. एवढी माणसं आलीत. ब्रदरांच्या नावाला बट्टा लावतेस?”

“बट्टा त्यांच्या नावाला नाही लागत, काका. त्यांनी रोज हजर धरलंय तिला. आपण खरवडलंय.”

“कोणी खरवडलं ते उकरायचंय तुला? मग हेही उकर की पहिलं दार कोणाचं लागलं!”

म्हणजे काकांना ठाऊक होतं. सगळं ठाऊक होतं.

“आमचं लागलं,” ती इतक्या मोठ्याने म्हणाली की खालच्या पाहुण्यांनी माना वर केल्या. “अकरा नंबरचं! मच्याडोंचं! आणि त्यामागोमाग तुम्हा सगळ्यांचं. साथ नव्हती आली गावात. कातकऱ्याची पोर शेजारी बसते म्हणून शाळा ओस पाडली आपण. त्या माणसाने तापात नऊ दिवस घसा फोडला, मेला तो, आणि त्याच्या मागे आपण काय केलं? त्याच्या नावाने हार घातले आणि तिच्या नावावर पातं फिरवलं!”

अंगणात तिचे वडील उभे होते. त्यांनी मान खाली घातली. कुणीतरी ओरडलं, “पुरे झालं, तेरा घ्या!” दुसऱ्याने री ओढली. बसगाडीचा ड्रायव्हर उगाच हॉर्न वाजवून गेला तशी रोविना दचकली, पायाखालची माती सुटली, पण ती सावरून उभी राहिली.

“नियम काय आहे, काका?”

काका एक पायरी खाली उतरले.

“ओ आल्याशिवाय पुढचं नाव नाही. हा तुमचाच नियम. मी इथून उतरणार नाही.”

तिने पुन्हा नाव घेतलं. पुन्हा. ऊन डोक्यावर आलं. पाहुणे छत्र्या उघडून बसले, एकदोन बायका रोझरीचे मणी ओढू लागल्या. गावातून आवाज नाही. सहाव्यांदा नाव घेताना तिचा घसा बसला आणि तिला रडू फुटलं, आणि त्या रडण्याचाही तिला राग आला. कुठून येणार होती ओ? ती घरांकडे बघून ओरडत होती आणि सुकरीचं घर गावात नव्हतंच. शंभर वर्षं प्रत्येक जण याच बांधावर उभा राहून याच दिशेला तोंड करून नाव घेत आला होता. वाडीकडे सगळ्यांची पाठ होती. तिचीही होती.

रोविना वळली.

हजेरी घेणाऱ्याने मिठागराकडे तोंड केल्याचं करंजभाटने कधी पाहिलं नव्हतं. खाली कुणीतरी “अगं पोरी, हे काय!” म्हणालं. समोर पांढरी शेतं तळपत होती, त्यांच्या पलीकडे उंचवट्यावर झोपड्या, आणि झोपड्यांसमोर माणसं. बरीच. केव्हापासून उभी होती कोण जाणे. बुधी सगळ्यांच्या पुढे, कमरेवर हात ठेवून.

रोविनाने फाटक्या घशाने हाक दिली. “बारा नंबर! सुकरी मुकणे!”

बुधीने आधी बांधाखालच्या गावाकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं, छत्र्यांकडे पाहिलं, चांगलं निरखून. मग छाती भरून घेतली आणि ओरडली, अशी की मिठावरचे बगळे उठले.

“हजर!”