वीसपैकी वीस

“बाबा, मुलांना आनंद कुठल्या इयत्तेपासून शिकवावा?”

लालशा फकीर चिंचेच्या झाडाखाली बसून चिंचा फोडत होते. गावाबाहेरच्या टेकडीवर पिराचं ठाणं होतं. त्याची झाडलोट करायची आणि येईल त्याचं ऐकून घ्यायचं, एवढंच त्यांचं काम.

विचारणारे होते सोहनी गुरुजी, गावच्या शाळेचे मुख्याध्यापक. शनिवारची सकाळची शाळा सुटली तसे ते थेट टेकडी चढून आले होते. अंगात नवाकोरा कोट, काखेत कागदांचा गठ्ठा.

“तुम्ही शिकवताच की,” फकीर म्हणाले. “ऐकलंय मी.”

“पाचवीपासून, रोज एक तास. आनंद कसा मिळवावा, जगण्याला अर्थ कशानं येतो... सगळे धडे मी स्वतः लिहिलेत. परवा जिल्ह्याचे साहेब पाहून गेले. म्हणाले, प्रत्येक शाळेत हे व्हायला हवं.”

“मग मला कशाला विचारता?”

गुरुजी किंचित हसले. “तुमचा आशीर्वाद असावा म्हणून.”

फकिरांनी पुढची चिंच उचलली.

गुरुजींनी गठ्ठ्यातून एक कागद काढला. “हे बघा. सहावीतल्या मुलीचा पेपर. प्रश्न होता, तुम्हांला आनंद कधी होतो? वीसपैकी वीस दिलेत मी. आजवर कुणाला दिले नव्हते.”

“वाचा.”

गुरुजींनी वाचलं. “‘माझी आई पहाटे भाकरी थापते. मी चुलीजवळ बसते. पहिली भाकरी आई मला देते. ती काही बोलत नाही. मीपण बोलत नाही. तेव्हा मला आनंद होतो. शाळा सुटल्यावर आई दारात उभी असते. म्हणून मी पळत घरी जाते.’”

“नाव काय पोरीचं?”

“वैजयंता लोहार.”

फकिरांचे हात थांबले.

“कधी लिहिलंय हे?”

“या सोमवारी.”

“तिची आई गेली, गुरुजी. आज पंधरा दिवस झाले. ताप डोक्यात गेला. खांद्याला माणसं कमी पडली, म्हणून मला बोलावलं होतं.”

...

गुरुजींनी कागद उलटा करून मांडीवर ठेवला.

“मला... मला कुणी सांगितलं नाही.”

“पोर शाळेत नव्हती ना?”

“आठ दिवस गैरहजर होती. आली तेव्हा मी तिला उभं केलं. सगळ्या वर्गासमोर विचारलं, कुठं होतीस?”

“काय म्हणाली?”

“खाली बघत राहिली. मग म्हणाली, ‘चुकलं, गुरुजी.’”

गुरुजीच हळू आवाजात म्हणाले, “आनंदाचा तास होता तो.”

फकिरांनी फोडलेल्या चिंचा बाजूला सारल्या.

“पण मग हे खोटं का लिहिलं तिनं?”

“खोटं?” फकीर म्हणाले. “तुम्ही विचारलंत, आनंद कधी होतो. तिनं सांगितलं.”

गुरुजींनी कागद पुन्हा वाचायला घेतला. दुसऱ्या ओळीपुढे त्यांना जाता येईना.

“आता तिला काय शिकवू, बाबा? तुम्ही सांगा. मी नवा धडा लिहितो. दुःखावर लिहितो...”

फकीर पायवाटेकडे बघत होते.

दप्तर पाठीला लावून एक मुलगी वर येत होती.

“बाप कारखान्यावरून अंधार पडल्यावर येतो,” फकीर म्हणाले. “शाळा सुटली की ती इथं येते.”

“तुम्ही काय सांगता तिला?”

“काही नाही.”

वैजयंता झाडापाशी आली आणि गुरुजींना पाहून जागच्या जागी थबकली. उन्हातच उभी राहिली. हात मागे बांधलेले, नजर जमिनीवर, वर्गात उभी राहते तशी.

“गुरुजी, मी घरीच चालले होते,” ती म्हणाली.

गुरुजी ताडकन उठले. इतक्या वर्षांत लिहिलेलं, वाचलेलं, पाठ केलेलं सगळं त्यांच्या ओठांवर आलं. त्यांनी बोलायला तोंड उघडलं...

फकिरांनी त्यांची बाही धरली आणि हलकेच खाली ओढली.

“बसा, गुरुजी. जरा सरकून बसा. तिला सावली मिळू दे.”